कुठले गाडे नव्हे, काय केले ते विचारा!

परवा न्यायालयाच्या आवारात, दुपारच्या सुट्टीत चहा घेताना आम्ही सहज लीना गाडे यांचे नाव काढले. मोटारींच्या शर्यतीतल्या इंजिनीयर आहेत, चोवीस तासांची जगप्रसिद्ध शर्यत त्यांच्या गाडीने तीनदा जिंकली आहे, एवढेच आम्ही बोललो असू. समोरच्या वकील मित्राने कप खाली ठेवला आणि विचारले, "गाडे? कुठले गाडे?" दुसऱ्याने त्यात भर घातली, "म्हणजे कुणापैकी?" शर्यत कोणती, गाडी कोणती, बाईंनी नेमके केले काय, हे कोणीही विचारले नाही.

वाचकहो, हा प्रश्न आपणां सर्वांच्या परिचयाचा आहे. शाळेच्या दाखल्यापासून भाड्याच्या खोलीपर्यंत तो आपला पिच्छा पुरवतो. आडनाव कळले की माणूस कळला, असे मानणाऱ्या समाजात आपण राहतो. म्हणूनच आज आम्ही या इंजिनीयर बाईंच्या कारकिर्दीविषयी लिहायचे ठरवले आहे. त्यांच्या घराण्याविषयी नव्हे, त्यांच्या कामाविषयी. मोटारींची शर्यत हा श्रीमंतांचा खेळ आहे, त्यात कंपन्यांचा अफाट पैसा ओतलेला असतो, हे आम्ही जाणतो. त्या झगमगाटाचे आम्हांस कौतुक नाही. परंतु त्या झगमगाटामागे रात्रभर जागून काम करणारा एक माणूस असतो. त्याच्याकडून घेण्यासारखे पुष्कळ आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

प्रथम हा रेस इंजिनीयर म्हणजे कोण, ते समजून घेतले पाहिजे. गाडी चालवणारा असतो तो चालक. ती ज्यांनी कागदावर आखली ते रचनाकार. पाना हातात घेऊन चाके बदलणारे ते मेकॅनिक. या सर्वांच्या मधोमध, एका विशिष्ट गाडीची संपूर्ण जबाबदारी ज्याच्या डोक्यावर असते, तो रेस इंजिनीयर. गाडीच्या पंख्यांचा कोन किती ठेवायचा, स्प्रिंग किती कडक हव्यात, टायरमध्ये हवा किती भरायची, इंधन किती घालायचे, आत केव्हा बोलवायचे, पाऊस सुरू झाला तर कोणता टायर लावायचा, हे सारे तोच ठरवतो. गाडीतून रेडिओ लहरींनी सतत आकडे येत असतात. इंजिनचे तापमान, टायरमधील दाब, ब्रेकची झीज असे सर्व काही पडद्यावर दिसत असते. आकडे वाचायला मदतनीस असतात. पण चालकाच्या कानात जो आवाज जातो तो मुख्यतः रेस इंजिनीयरचा. ताशी तीनशे किलोमीटरच्या वेगात, रात्रीच्या काळोखात, चालक त्या एका आवाजावर विश्वास ठेवतो.

आमच्या व्यवसायात याला एक जोड आहे. न्यायालयात उभा राहून युक्तिवाद करतो तो सीनियर. दुसऱ्या दिवशी पेपरात नाव येते तेही त्याचेच. रात्रभर बसून निवाडे काढणारा, साक्षीतली विसंगती लाल पेन्सिलीने खुणावणारा ज्युनियर कोणाला दिसतो? मात्र ही तुलना अर्धीच खरी आहे. ज्युनियर सल्ला देतो, निर्णय सीनियर घेतो. रेस इंजिनीयरला मात्र निर्णय स्वतः घ्यावा लागतो आणि तोही काही सेकंदांत. तेथे तारीख मागता येत नाही! निर्णय बरोबर आला तर मंचावर चालक उभा राहतो. निर्णय चुकला तर मात्र सगळ्यांचे डोळे इंजिनीयरकडे वळतात. श्रेय एकाचे, जबाबदारी दुसऱ्याची, हा न्याय आपल्याला नवा नाही.

लीना गाडे यांचे आईवडील भारतातून इंग्लंडला गेले. लीना वाढल्या लंडन परिसरात, बालपणाची काही वर्षे मात्र त्यांनी भारतात काढली. लीना आणि त्यांची बहीण टीना या दोघींना लहानपणापासून घरातल्या वस्तू खोलून पाहण्याचा नाद. आत काय आहे, ते कसे फिरते, हे पाहिल्याशिवाय चैन पडत नसे. पुढे दोघीही इंजिनीयर झाल्या. आपल्याकडे मुलाने रेडिओ खोलला तर बाप कौतुकाने म्हणतो, "पोरगा इंजिनीयर होणार." मुलीने खोलला तर तिच्या हातातला स्क्रू-ड्रायव्हर काढून घेतला जातो आणि लाटणे दिले जाते. तेथे तो काढून घेतला गेला नाही. या कारकिर्दीचा पाया आम्हांस येथेच दिसतो. कोणतीही असामान्य घटना नाही, कोणताही चमत्कार नाही. मुलीच्या हातातले हत्यार कोणी हिसकावले नाही, एवढेच!

पुढे मँचेस्टर विद्यापीठात त्यांनी एरोस्पेस इंजिनीयरिंगचे शिक्षण घेतले. विमानाचे शास्त्र शिकून मोटारींकडे वळणे यात नवल नाही. विमानाचा पंख हवेच्या जोरावर विमान वर उचलतो. शर्यतीच्या गाडीचा पंख उलटा बसवलेला असतो, तो त्याच हवेच्या जोरावर गाडीला जमिनीवर दाबून धरतो. शास्त्र तेच, दिशा उलटी. परंतु पदवी हातात पडली म्हणून शर्यतीचे मैदान खुले झाले नाही. नोकरी लागली ती जॅग्वार कंपनीत, रस्त्यावरच्या साध्या मोटारींवर. काम काय? तर गाडीतले नको असलेले आवाज, खडखड, कुरकुर आणि कंप शोधून काढणे. एखाद्या तरुण इंजिनीयरला हे काम कमी प्रतीचे वाटले असते. आम्ही मात्र त्याकडे वेगळ्या नजरेने पाहतो. कुठून आवाज येतो आहे हे कान देऊन ओळखणे, शंभर कारणांतून खरे कारण वेगळे काढणे, ही शोधाची शिस्त आहे. ती ज्याला साधली, त्याला पुढे कोणतेही यंत्र फसवू शकत नाही.

आठवडाभर नोकरी आणि शनिवार-रविवारी शर्यतीचे मैदान, असा त्यांचा क्रम अनेक वर्षे चालला. फॉर्म्युला बीएमडब्ल्यू, ए-वन ग्रां प्री अशा स्पर्धांमध्ये मिळेल ते काम करत त्या अनुभव जमवत राहिल्या. सुट्टीचा दिवस म्हणजे काय, हे त्या काळात त्यांना ठाऊक नसावे. २००७ साली त्या ऑडीच्या ले मान्स संघात दाखल झाल्या. तेथेही पहिल्याच दिवशी कोणी गाडी हवाली केली नाही. आकडे वाचणाऱ्या इंजिनीयरपासून सुरुवात करून, एकेक पायरी चढत त्या रेस इंजिनीयरच्या खुर्चीपर्यंत पोहोचल्या. पदवीपासून ले मान्सच्या विजयापर्यंत एका तपाहून अधिक काळ गेला, हे ध्यानात घ्यावे. आज पदवी घेतली की उद्या मोठ्या पगाराची अपेक्षा धरणाऱ्या आमच्या तरुण मित्रांनी हा हिशेब एकदा कागदावर मांडून पाहावा.

आता ले मान्सविषयी. फ्रान्समधील या गावी १९२३ सालापासून चोवीस तासांची शर्यत भरते. शनिवारी दुपारी सुरू झालेली गाडी रविवारी दुपारपर्यंत थांबायची नाही. एका गाडीला तीन चालक, ते आळीपाळीने चालवतात आणि मधल्या वेळात झोप घेतात. एक फेरी सुमारे साडेतेरा किलोमीटरची आणि तिचा बराच भाग एरवी सार्वजनिक रहदारीचा रस्ता. चालक झोपतो, इंजिनीयरला झोप नाही. शर्यतीच्या आधीची तयारी आणि नंतरची आवराआवर धरली तर तीस-तीस तास डोळ्याला डोळा लागत नाही. आणि खरी कसोटी शेवटच्या तासांत, म्हणजे शरीर सर्वाधिक थकलेले असतानाच लागते.

११ आणि १२ जून २०११. ऑडीने त्या वर्षी तीन नव्या गाड्या उतरवल्या होत्या. आर-१८ हे त्या गाडीचे नाव, इंजिन डिझेलचे. समोर फ्रान्सची प्यूजो कंपनी, घरच्या मैदानावर, घरच्या प्रेक्षकांसमोर. ऑडीच्या दोन क्रमांकाच्या गाडीची जबाबदारी लीना गाडे यांच्याकडे होती. चालक होते आंद्रे लोटेरर, मार्सेल फेस्लर आणि बेनुआ ट्रेलुये.

पहिल्याच तासात ऑडीच्या तीन क्रमांकाच्या गाडीला भीषण अपघात झाला. ॲलन मॅकनिश यांची गाडी दुसऱ्या गाडीला घासून कठड्यावर जाऊन आदळली, सुटे भाग कडेला उभ्या असलेल्या छायाचित्रकारांच्या अंगावर उडाले. मॅकनिश बचावले. रात्री आठव्या तासात एक क्रमांकाची गाडी गेली. माईक रॉकनफेलर यांच्या गाडीचा अक्षरशः चुराडा झाला. तेही नशिबाने वाचले. कठडा दुरुस्त होईपर्यंत दोन तासांहून अधिक काळ सर्व गाड्या सुरक्षा-गाडीच्या मागे हळूहळू फिरत राहिल्या. एकाच संघाच्या तीनपैकी दोन गाड्या नष्ट झाल्या होत्या. दोन्ही चालकांची प्रकृती कशी आहे, या चिंतेत सारे गॅरेज. उरली ती एकच गाडी, दोन क्रमांकाची. आणि तिच्यासमोर प्यूजोच्या चार!

अशा वेळी माणसाची खरी ओळख पटते. त्या गॅरेजमधील हरेक माणसाच्या मनात एकच प्रश्न असणार: आपली गाडीही अशीच गेली तर? चालकाला वेग कमी कर म्हणावे, तर शर्यत हातची जाते. वेग वाढव म्हणावे, तर एक जीव पणाला लागतो. कानात जाणारा आवाज जरा जरी कापला, तरी त्याची भीती चालकापर्यंत पोहोचते. रेस इंजिनीयरचे काम येथे निव्वळ गणिताचे राहत नाही. स्वतःची भीती गिळून दुसऱ्याला धीर देण्याचे ते काम होते.

आणि गणित तर चालूच असते. त्या काळचा ले मान्सचा नियम असा की, आधी इंधन भरायचे आणि ते भरून झाल्यावरच टायर बदलायचे. तेही दोनच मेकॅनिकांनी. म्हणजे टायर बदलला की वेळ गेलाच. एका टाकीत गाडी दहा-बारा फेऱ्या चालते, म्हणजे सुमारे चाळीस मिनिटे. प्रत्येक थांब्यावर टायर बदलले तर चोवीस तासांत कित्येक मिनिटांचे नुकसान. न बदलले तर झिजलेल्या टायरवर वेग घटतो आणि धोका वाढतो. मग एकाच टायरवर दोन टप्पे काढायचे, तीन काढायचे की चार? रात्री डांबर थंड असते तेव्हा टायर जास्त टिकतो. सकाळी ऊन चढल्यावर तोच हिशेब बदलतो. मध्येच पावसाचा शिडकावा येतो, तो साडेतेरा किलोमीटरच्या एका टोकाला पडतो आणि दुसरे टोक कोरडे असते. या सर्वांचा मेळ घालून दर चाळीस मिनिटांनी निर्णय घ्यायचा. रात्रभर. सकाळी. दुपारपर्यंत.

शेवटच्या टप्प्यात लोटेरर यांच्या गाडीच्या एका टायरमधून हळूहळू हवा जाऊ लागली. मागे प्यूजो टपलेलीच होती. टायर तसाच ठेवून केवळ इंधन भरावे, तर काही सेकंद वाचतात. पण तो टायर अंतिम रेषेपर्यंत टिकेल याची हमी कोण देणार? शेवटच्या थांब्यावर टायर बदलण्यात आले. आघाडी आणखी घटली. तरीही गाडी सुरक्षित होती, आणि सुरक्षित गाडी लोटेरर यांनी जिवाच्या कराराने पळवली. ३५५ फेऱ्या, म्हणजे ४,८०० किलोमीटरहून अधिक अंतर कापल्यानंतर ऑडी पहिली आली. दुसऱ्या क्रमांकावरील प्यूजो किती मागे होती? १३.८५४ सेकंद! चोवीस तासांचे सेकंद होतात ८६,४००. त्यांपैकी चौदा सेकंदही नव्हते. दुसरी, तिसरी, चौथी आणि पाचवी, अशा चारही जागा प्यूजोच्या गाड्यांनी घेतल्या आणि त्यांच्या पुढे ती एकटी ऑडी.

ले मान्स जिंकणाऱ्या गाडीची रेस इंजिनीयर स्त्री असण्याची ही पहिलीच वेळ होती. मग काय, एका दिवसात सर्वांना त्या आठवल्या. तिकडच्या पत्रांनी 'पहिली महिला' म्हटले, इकडच्या पत्रांनी 'भारतीय वंशाची' म्हटले. जी बाई वर्षानुवर्षे सुट्टीच्या दिवशी शर्यतीच्या मैदानावर राबत होती, तेव्हा तिचा वंश कोणाला आठवला नव्हता. विजय मिळताच वंशावळ निघाली. आमचा सवाल असा आहे की, या विजयात आपला वाटा कोणता? आपण कोणते यंत्र दिले, कोणते शिक्षण दिले, कोणती संधी दिली? काहीही न देता केवळ रक्ताच्या नात्यावर मिरवणे ही आपली जुनी खोड आहे. जन्माच्या आधारावर हीन ठरवणे जितके चूक, तितकेच जन्माच्या आधारावर श्रेय लाटणेही चूक. दोन्हींच्या मुळाशी 'कुणापैकी' हाच प्रश्न आहे.

पुढच्या वर्षी, म्हणजे २०१२ साली, आणखी एक गंमत घडली. त्या वर्षी जागतिक सहनशक्ती शर्यत मालिका सुरू झाली. हंगामाच्या अखेरीस जो सन्मान लीना गाडे यांना देण्यात आला, त्याचे नाव होते 'मॅन ऑफ द इयर'! म्हणजे वर्षातील सर्वोत्तम पुरुष. पुरस्काराला नाव ठेवताना हा मान कधी एखाद्या स्त्रीकडे जाईल, अशी शंकाही कोणाला आली नसावी. कायद्याच्या भाषेत 'तो' म्हणजे 'ती'ही, असे आम्ही रोज वाचतो. परंतु भाषेत जागा नसली की मनातही जागा नसते, याचा हा उत्तम पुरावा होय. लीना गाडे यांनी काम केले, आणि शब्दच तोकडा पडला.

या सन्मानामागे काम काय होते, तेही पाहू. जून २०१२ मध्ये त्यांच्याच गाडीने, त्याच तीन चालकांसह, पुन्हा ले मान्स जिंकले. यंत्र मात्र नवे होते. मागच्या चाकांना डिझेल इंजिन आणि पुढच्या चाकांना विजेची जोड. ब्रेक लावताना जी शक्ती एरवी उष्णता बनून वाया जाते, ती एका वेगाने फिरणाऱ्या चक्रात साठवायची आणि वळण संपल्यावर पुढच्या चाकांना परत द्यायची. ती वापरण्यासही नियमाची मर्यादा होती, ताशी १२० किलोमीटरच्या वर वेग गेल्यावरच. अशी संकरित गाडी ले मान्सला प्रथमच पहिली आली. एका वर्षी जुन्या तंत्राने जिंकणे आणि दुसऱ्याच वर्षी नवे, न पारखलेले तंत्र घेऊन चोवीस तास टिकणे, या दोन्हींत फरक आहे.

२०१३ साली मात्र त्यांच्या गाडीचा आल्टरनेटर रात्री निकामी झाला. दुरुस्तीत बऱ्याच फेऱ्या गेल्या आणि गाडी पाचवी आली. त्याच शर्यतीत ॲलन सिमोन्सन या डॅनिश चालकाचा अपघाती मृत्यू झाला. हा खेळ माणसाचा जीव घेऊ शकतो, हे २०११ साली थोडक्यात टळले होते. २०१३ साली टळले नाही. २०१४ साली पुन्हा कसोटी लागली. शर्यतीच्या मध्यात टर्बो बदलावा लागला. वीसएक मिनिटे गाडी गॅरेजमध्ये उभी होती. पुढे असलेल्या टोयोटा आणि पोर्शे यांच्या गाड्याही एकामागून एक बंद पडल्या आणि लीना गाडे यांची गाडी तिसऱ्यांदा जिंकली. यात नशिबाचा भाग नव्हता काय? होता. परंतु गाडी उभी असताना हातपाय गाळून न बसता, ती लवकरात लवकर रस्त्यावर परत आणणाऱ्यालाच नशीब सापडते.

कारकीर्द म्हणजे नुसती विजयांची यादी नव्हे. २०१६ साली त्यांनी ऑडीचा संघ सोडला आणि त्याच उद्योगसमूहातील बेंटलीकडे गेल्या. २०१८ साली अमेरिकेतील इंडीकार मालिकेत जेम्स हिंचक्लिफ या चालकाच्या गाडीच्या त्या मुख्य इंजिनीयर झाल्या. इंडियानापोलिसच्या प्रसिद्ध ५०० मैलांच्या शर्यतीत जागा ३३ आणि त्या वर्षी दावेदार ३५. दोघांना बाहेर बसावे लागणार होते. त्या दोघांत हिंचक्लिफ होते! ज्या शर्यतीसाठी अमेरिकी संघ वर्षभर राबतात, तिच्यात गाडी उभीच राहू शकली नाही. त्यानंतर अल्पावधीतच लीना गाडे आणि तो संघ यांचे मार्ग वेगळे झाले.

हा प्रसंग आम्ही मुद्दाम सांगतो आहोत. आपल्याकडे थोरांची चरित्रे लिहिताना अपयशाची पाने फाडून टाकण्याची पद्धत आहे. आम्हांस ती मान्य नाही. तीनदा ले मान्स जिंकलेल्या इंजिनीयरची गाडीही पात्रता फेरीत बाहेर जाऊ शकते. त्यावरून त्यांचे आधीचे काम खोटे ठरत नाही आणि 'बाईला जमत नाही' हेही सिद्ध होत नाही. पुरुष इंजिनीयर हरला तर गाडी हरली म्हणतात; स्त्री हरली तर स्त्रीजात हरली म्हणतात. ही दुहेरी मोजपट्टी फेकून दिली पाहिजे. समान संधीचा अर्थ जिंकण्याचा समान हक्क एवढाच नाही. हरण्याचा आणि हरल्यानंतर पुन्हा उभे राहण्याचा समान हक्क, हाही त्याचा अर्थ आहे. लीना गाडे उभ्या राहिल्या. मल्टिमॅटिक या कॅनडातील कंपनीत त्या काम करू लागल्या आणि आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाच्या जीटी आयोगाचे अध्यक्षपदही त्यांच्याकडे आले. ज्या खेळात त्या शनिवार-रविवारी मिळेल ते काम करत शिरल्या, त्याच खेळाचे नियम ठरवणाऱ्यांत त्या बसल्या.

'पहिली महिला' या शब्दांविषयीही थोडे बोलले पाहिजे. हे शब्द ऐकून टाळ्या वाजवण्यापूर्वी त्यामागची लाज ओळखावी. बिअट्रिस शिलिंग या बाईंनी याच मँचेस्टर शहरातल्या विद्यापीठात १९३०च्या दशकात इंजिनीयरिंगच्या पदव्या घेतल्या. १९३४ साली ब्रुकलँड्सच्या धावपट्टीवर ताशी शंभर मैलांहून अधिक वेगाने मोटारसायकल चालवून त्यांनी सुवर्णतारा मिळवला. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश लढाऊ विमानांची इंजिने सूर मारताना अडखळत, त्यावर त्यांनी छिद्र पाडलेल्या छोट्याशा धातूच्या चकतीचा उपाय शोधला आणि ती दुरुस्ती विमानतळांवर फिरून स्वतः बसवून घेतली. म्हणजे बायकांना यंत्र कळते की नाही, हा वाद १९४१ सालीच निकाली निघाला होता. तरीही ले मान्सला २०११ साल उजाडावे लागले. आणि फॉर्म्युला वनमध्ये? तेथे पूर्णवेळ रेस इंजिनीयर म्हणून पहिल्या स्त्रीची, लॉरा म्युलर यांची, नेमणूक हास संघाने केली ती २०२५ साली! बुद्धी तयार होती, दार बंद होते. 'पहिली' या शब्दाचा खरा अर्थ, तोवर बाकीच्यांना आत येऊ दिले नाही, असा आहे.

आता आपल्या घराकडे वळू. आपल्याकडे हाताने काम करणारा हलका आणि कागदावर काम करणारा थोर, ही उतरंड हजारो वर्षे पोसली गेली. ज्यांनी चामडे कमावले, लोखंड ठोकले, दोर वळले, त्यांचे ज्ञान हे ज्ञानच नाही असे ठरवले गेले. परिणाम काय झाला? हात एकीकडे राहिले आणि डोके दुसरीकडे. रेस इंजिनीयर हा या उतरंडीला चोख जबाब आहे. त्याला गणित यावे लागते आणि ग्रीसने हात काळेही करावे लागतात. मेकॅनिकच्या शब्दाला जो इंजिनीयर किंमत देत नाही, त्याची गाडी चोवीस तास टिकत नाही.

आमच्याकडे काही दिवसांपूर्वी एक आई आपल्या मुलीला घेऊन आली होती. मुलीला मोटार मेकॅनिकचा अभ्यासक्रम करायचा होता. प्रवेशाच्या खिडकीवर तिला सांगण्यात आले, "मुलींसाठी शिवणकाम आहे, तिकडे विचारा." अर्ज नाकारला नव्हता, नुसता फिरवला होता. असा फिरवलेला अर्ज कोणत्याच नोंदवहीत सापडत नाही, म्हणून आम्ही प्रथम लेखी नकार मागून घ्या असे सुचवले. लेखी मागताच अर्ज स्वीकारला गेला. मुलगी आता इंजिन खोलते आहे. ती पुढे कोठे पोहोचेल हे आम्ही सांगू शकत नाही. तिला दार उघडे मिळाले, एवढे पुरेसे आहे. पुढचे काम तिचे.

म्हणून वाचकहो, लीना गाडे यांच्या विजयावर आपला हक्क सांगू नका. सांगायचाच असेल तर आधी आपल्या घरातल्या मुलीच्या हातात पाना द्या. तिने मिक्सर खोलला तर ओरडू नका. परत जोडता येतो का ते पाहा. जोडता आला नाही तर पुन्हा खोलू द्या. आणि तिच्या पहिल्या चुकीवर 'तरी सांगत होतो' असे म्हणण्याचा मोह आवरा.

राहिला आमच्या वकील मित्राचा प्रश्न. "कुठले गाडे?" त्या दिवशी चहा घेताना उत्तर सुचले नव्हते. आता सुचले आहे, आणि ते आम्ही येथे जाहीरपणे देत आहोत. ले मान्सचे गाडे! आणि पहिले!